पश्चाग्र वायु-संपीडक : चूषण दाब आणि शक्तीची गरज

पश्चाग्र (पुढे-मागे) गतीने सरकणाऱ्या दट्ट्याच्या साहाय्याने सिलिंडरातील वायू दाबून त्याचा दाब वाढविणाऱ्या यंत्राला पश्चाग्र संपीडक म्हणतात. वायू ज्या दाबाने सिलिंडरात येतो तो चूषण दाब व ज्या दाबाने तो पुढील नळात ढकलला जातो तो निर्गम दाब होय. निर्गम दाब बहुधा वापरणाऱ्याच्या गरजेने ठरलेला असतो. खडकात छिद्रे पाडणाऱ्या हातयंत्राला मापकावर ६ ते ७ बार दाबाची हवा लागते, नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या मोटारगाडीची टाकी सु. २०० बार दाबापर्यंत भरावी लागते, तर बर्फाच्या कारखान्यात अमोनियाचे द्रवण ज्या तापमानास होते त्यावरून निर्गम दाब ठरतो. चूषण दाब मात्र क्वचितच माणसाच्या हाती असतो. वायूची विहीर वर्षागणिक रिती होत जाते, नळातील दाब सकाळ-संध्याकाळच्या मागणीप्रमाणे वरखाली होतो, हवा गाळणारी गाळणी धुळीने बुजते, शीतगृहाचे दार उघडले की आतील दाब चढतो. यंत्र तेच, वेग तोच, निर्गम दाबही तोच. असे असूनही चालक एंजिनावर किंवा विद्युत् चलित्रावर (मोटरवर) पडणारा भार यामुळे सारखा बदलत राहतो.

चूषण दाब कमी झाला म्हणजे वायू अधिक ‘उंचीवर’ चढवावा लागतो, तेव्हा शक्तीही अधिक लागली पाहिजे, असा सर्वसाधारण समज असतो. एक किलोग्रॅम वायूपुरते पाहिले, तर तो बरोबर आहे. संपूर्ण यंत्रापुरते पाहिले, तर तो पुष्कळदा चुकीचा ठरतो व चलित्र जळण्यापासून दट्ट्याचा दांडा तुटण्यापर्यंतचे अपघात या चुकीतून उद्‌भवू शकतात.

कार्यचक्र : दट्ट्या मागे सरकताना सिलिंडरातील दाब नळातील दाबापेक्षा किंचित कमी होतो, चूषण झडप आपोआप उघडते आणि वायू आत येतो. दट्ट्या उलट फिरला की झडप मिटते व कोंडलेला वायू दाबला जाऊ लागतो. त्याचा दाब निर्गम नळातील दाबाच्या किंचित वर गेला म्हणजे निर्गम झडप उघडते आणि उरलेल्या धावेत वायू बाहेर ढकलला जातो. दट्ट्या धावेच्या टोकाशी पोहोचला, तरी सिलिंडराचे झाकण व झडपांचे कोनाडे यांत थोडी जागा शिल्लक राहतेच; तिला येथे मोकळीक म्हटले आहे. या मोकळिकीत अडकलेला उच्च दाबाचा वायू परतीच्या धावेत प्रथम प्रसरण पावतो आणि तो चूषण दाबापर्यंत उतरल्यावरच नवा वायू आत येऊ शकतो. म्हणून दट्ट्या जेवढे घनफळ झाडून काढतो तेवढा वायू आत कधीच येत नाही. प्रत्यक्ष आत आलेल्या वायूचे घनफळ व दट्ट्याने झाडलेले घनफळ यांच्या गुणोत्तरास घनफळीय कार्यक्षमता म्हणतात. दाब गुणोत्तर (निर्गम दाब भागिले चूषण दाब) वाढले की मोकळिकीतील वायू अधिक फुगतो आणि ही कार्यक्षमता घटते.

हे गुणोत्तर काढताना दाब निरपेक्ष, म्हणजे पूर्ण निर्वातापासून मोजलेले, घ्यावे लागतात. मापकावरील आकडा वातावरणाच्या दाबाच्या वरचा असतो. मापकावर चूषण दाब १ बार व निर्गम दाब ७ बार दिसत असला, तर दाब गुणोत्तर ७ नसून सु. ४ असते. कमी चूषण दाबावर चालणाऱ्या यंत्रांत या एका गफलतीने सर्व हिशेब कोलमडतो. (१ बार = १ लाख पास्काल = सु. १·०२ किग्रॅ./सेंमी.², पुढे दिलेले दाब, वेगळे म्हटले नसल्यास, निरपेक्ष आहेत.)

दोन विरोधी परिणाम : दट्ट्याचा वेग कायम असताना संपीडकाला लागणारी शक्ती दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते : दर सेकंदाला यंत्रातून जाणाऱ्या वायूचे वस्तुमान आणि त्यातील प्रत्येक किलोग्रॅमवर करावे लागणारे कार्य. चूषण दाब उतरला की दाब गुणोत्तर वाढते व दर किलोग्रॅममागील कार्य वाढते. पण त्याच वेळी आत येणारा वायू विरळ झालेला असतो आणि मोकळिकीमुळे त्याचे घनफळही घटलेले असते. त्यामुळे वस्तुमान दुहेरी कारणाने कमी होते. एक घटक शक्तीची गरज वर ओढतो, दुसरा खाली. कोणता वरचढ ठरेल, हे यंत्र त्या क्षणी कोणत्या दाब गुणोत्तरावर चालले आहे यावर अवलंबून असते.

दोन्ही टोकांचा विचार केला म्हणजे हे स्पष्ट होते. चूषण दाब निर्गम दाबाइतकाच असेल, तर वायू भरपूर जाईल, परंतु तो दाबावाच लागणार नाही. आदर्श यंत्राला लागणारी शक्ती शून्य. उलट चूषण दाब जवळजवळ शून्य असेल, तर दाबायला वायूच नाही. पुन्हा शक्ती शून्याजवळ. या दोन शून्यांच्या मध्ये कोठेतरी शक्तीची गरज कमाल होते. चूषण दाब आडव्या अक्षावर व शक्ती उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढल्यास तो टेकडीसारखा दिसतो.

टेकडीचा माथा कोठे येतो, हे गणिताने काढता येते. मोकळीक नाही असे मानले आणि उष्णतेची देवघेव न होता वायू दाबला जातो असे धरले, तर माथ्यावरील दाब गुणोत्तर वायूच्या विशिष्ट उष्णतांच्या गुणोत्तरावरच अवलंबून असते. हवेसाठी (विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर १·४) ते सु. ३·२५ व नैसर्गिक वायूसाठी (सु. १·३) ते सु. ३·१ येते. वायू दाबताना पूर्णपणे थंड ठेवून त्याचे तापमान मुळीच वाढू दिले नाही, म्हणजेच संपीडन समतापी असेल, तर ते २·७२ येते. ही संख्या म्हणजे नैसर्गिक लॉगरिथमांचा आधारांक होय. मोकळीक विचारात घेतल्यास माथा आणखी कमी गुणोत्तराकडे सरकतो. व्यवहारात, एका टप्प्याच्या संपीडकात निर्गम दाब चूषण दाबाच्या अडीच ते सव्वातीन पट असताना शक्तीची गरज सर्वाधिक असते, असे धरून चालण्यास हरकत नाही.

उदाहरणादाखल, दर मिनिटाला ६ घ.मी. घनफळ झाडणारा आणि १२% मोकळीक असलेला एका टप्प्याचा संपीडक घेऊ. निर्गम दाब ४० बार, वायू ३०° से. तापमानास आत येतो व त्याच्या विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर १·३ आहे. झडपांतील व घर्षणातील व्यय सोडून दिल्यास पुढील आकडे मिळतात. (वायूचे घनफळ १ बार दाब व ३०° से. तापमान यांस दिले आहे.)

कोष्टक. स्थिर निर्गम दाबास (४० बार) चूषण दाबाचा परिणाम

| चूषण दाब (बार) | दाब गुणोत्तर | घनफळीय कार्यक्षमता (%) | वायू (घ.मी./मिनिट) | शक्ती (किवॉ.) | निर्गम तापमान (°से.) |
|---|---|---|---|---|---|
| ८ | ५ | ७१ | ३४ | ११० | १६६ |
| १० | ४ | ७७ | ४६ | १२६ | १४४ |
| १६ | २·५ | ८८ | ८४ | १४३ | १०१ |
| २० | २ | ९२ | ११० | १३८ | ८३ |
| २५ | १·६ | ९५ | १४२ | ११८ | ६५ |
| ३२ | १·२५ | ९८ | १८८ | ७२ | ४६ |

हे यंत्र १० बार चूषण दाबावर चालेल असे समजून त्याला १३० किवॉ.चे चलित्र जोडले आणि पुढे वायूचा पुरवठा सुधारून चूषण दाब १६ बारांवर गेला, तर वायू जवळजवळ दुप्पट मिळू लागेल, पण चलित्रावर १०% अतिभार पडेल. पुरवठा सुधारला व यंत्र बंद पडले, असा अनुभव येतो तो यामुळेच. याउलट २५ बारांवर चालणाऱ्या यंत्राचा चूषण दाब १६ बारांवर घसरला, तर वायू ४१% घटूनही शक्तीची गरज २१ टक्क्यांनी वाढते. एकाच यंत्रात, टेकडीच्या दोन उतारांवर, एकाच कारणाचे परिणाम असे परस्परविरुद्ध असतात. म्हणून चलित्राची निवड केवळ नेहमीच्या चूषण दाबावरून करणे धोक्याचे असते. चूषण दाबाच्या संभाव्य कक्षेत माथा येतो की नाही हे आधी पाहून, येत असल्यास माथ्यावरील शक्तीला पुरेल असे चलित्र घ्यावे लागते किंवा यंत्र माथ्यावर जाणार नाही अशी नियंत्रणे बसवावी लागतात.

वायूच्या किमतीच्या दृष्टीने मात्र टेकडीला दोन उतार नाहीत. कोष्टकातील शक्तीला वायूच्या घनफळाने भागल्यास दर मिनिटाच्या १ घ.मी. वायूमागे ८ बारांस ३·२५ किवॉ., १६ बारांस १·७० किवॉ. व २५ बारांस ०·८३ किवॉ. पडतात. चूषण दाब जितका अधिक, तितका वायू स्वस्त, हा नियम सर्वत्र लागू आहे. विजेचे देयक कमी आले म्हणून समाधान मानणाऱ्या कारखानदाराने मिळालेला वायूही मोजलेला बरा.

प्रत्यक्ष यंत्रात लागणारी शक्ती या आदर्श आकड्यांपेक्षा अधिक असते. झडपांतून जाताना वायूचा दाब पडतो, दट्ट्याची कडी व धारवे (बेअरिंगे) यांत घर्षण होते, थोडा वायू गळतो. दाब गुणोत्तर लहान असताना झडपांतील व्यय विशेष जाणवतो, कारण मूळ कार्यच थोडे असते आणि दाट वायू मोठ्या प्रमाणात झडपांतून जात असतो. म्हणून ३२ बारांवरील शक्ती वास्तवात कोष्टकात दिली आहे इतकी खाली उतरत नाही. हॅन्स हॉर्बिगर या ऑस्ट्रियन अभियंत्यांनी १८९५ साली योजलेली हलक्या पोलादी चकतीची स्वयंचलित झडप या बाबतीत महत्त्वाची ठरली. तिच्यामुळे दट्ट्याचा वेग वाढविणे शक्य झाले व आजच्या बहुतेक झडपा तिच्याच वंशातील आहेत.

दांड्यावरील भार व तापमान : चूषण दाब उतरल्यावर विद्युत् प्रवाहमापकाचा काटा खाली आला, तर यंत्रावरील ताण हलका झाला असे वाटते. ही समजूत सर्वांत घातक होय. दट्ट्यावर पडणारे बळ शक्तीने ठरत नाही. ते त्याच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरकाने ठरते. वरील उदाहरणात चूषण दाब १६ बार असताना हा फरक जास्तीत जास्त २४ बार असतो, तर ८ बार असताना तो ३२ बार होतो. म्हणजे शक्ती २३ टक्क्यांनी घटली, पण दट्ट्याचा दांडा, क्रॉसहेड, संयोगदांडा व भुजादंड यांवरील बळ एकतृतीयांशाने वाढले. दांड्याचे आटे व त्यावरील नट यांत शिणवट्यामुळे तडा जाण्याची शक्यता अशा स्थितीत वाढते आणि तो तडा बाहेरून दिसत नाही. उत्पादक प्रत्येक यंत्रासाठी दांड्यावरील भाराची कमाल मर्यादा देतात. शक्तीच्या मर्यादेइतकीच ती कसोशीने पाळावी लागते. दुतर्फी सिलिंडरात दर फेऱ्याला बळाची दिशा उलटते व त्या क्षणी क्रॉसहेडाच्या खिळीभोवती तेल शिरते. एका बाजूच्या झडपा निकामी करून यंत्र चालविल्यास ही उलटापालट थांबून खीळ कोरडी पडण्याचा धोका असतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

तापमानाचेही तसेच आहे. दाब गुणोत्तर ५ असताना कोष्टकातील वायू १६६° से.ला बाहेर पडतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पश्चाग्र संपीडकांसंबंधीच्या ६१८ क्रमांकाच्या मानकानुसार निर्गम तापमान सामान्यतः १५०° से.च्या वर व हायड्रोजनाचे प्रमाण मोठे असलेल्या वायूंसाठी १३५° से.च्या वर जाऊ नये, असा संकेत आहे. याहून अधिक तापमानास वंगण जळून झडपांवर काजळी धरते, कडी झिजतात व हवेच्या संपीडकात तर साठलेल्या काजळीने पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. अतएव कमी चूषण दाबाची खरी मर्यादा पुष्कळदा चलित्राची नसून दांड्याची किंवा तापमानाची असते.

अनेक टप्प्यांचे संपीडन : दाब गुणोत्तर मोठे असल्यास वायू एकाच सिलिंडरात न दाबता क्रमाने लहान होत जाणाऱ्या दोन, तीन वा अधिक सिलिंडरांत दाबतात व मधल्या प्रत्येक टप्प्यानंतर तो थंड करतात. येथे चूषण दाबाचा परिणाम निराळे रूप घेतो. पहिल्या सिलिंडराने दिलेला सगळा वायू दुसऱ्याने उचलला पाहिजे. त्यामुळे मधला दाब कोणी नेमून द्यावा लागत नाही, सिलिंडरांच्या आकारमानांवरून तो आपोआप ठरतो व मूळ चूषण दाबाच्या प्रमाणात वरखाली होतो. शेवटचा निर्गम दाब तेवढा बाहेरून बांधलेला असतो. परिणामी अलीकडच्या टप्प्यांतील दाब गुणोत्तरे जवळजवळ कायम राहतात आणि चूषण दाबातील सर्व चढउतार अखेरच्या टप्प्याला सोसावा लागतो.

मोटारगाड्यांना नैसर्गिक वायू भरणाऱ्या स्थानकांवर हे चांगले दिसते. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत नळाने येणारा वायू अशा स्थानकांवरील पश्चाग्र संपीडकांत सु. २५० बारांपर्यंत दाबून साठवितात. चूषण दाब २० बार धरून तीन समान टप्पे योजले, तर दाबांची मालिका २०, ४६, १०८, २५० अशी होते व प्रत्येक टप्प्याचे गुणोत्तर २·३२ येते. नळातील दाब १५ बारांवर उतरला, तर मधले दाब ३५ व ८१ होतात आणि तिसऱ्या टप्प्याचे गुणोत्तर एकदम ३·०९ होते. वायू आदर्श मानून व प्रत्येक टप्प्यात तो ४०° से.ला शिरतो असे धरून, तिसऱ्या सिलिंडरातून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान १०७° से.वरून १३३° से.वर जाते. एकूण शक्ती मात्र सु. १५ टक्क्यांनी घटते. उलट नळातील दाब २५ बारांवर चढला, तर शक्ती सु. १३ टक्क्यांनी वाढते. म्हणजे अनेक टप्प्यांच्या संपीडकात टेकडीचा माथा सहसा कामाच्या कक्षेच्या बाहेर राहतो व चूषण दाब वाढला की शक्ती वाढते, असा सरळ व्यवहार दिसतो. दाब उतरल्याचा त्रास शेवटच्या सिलिंडरात प्रकट होतो, हे न जाणणारा तंत्रज्ञ तेथील झडपा पुनःपुन्हा बदलत बसतो.

ज्या स्थानकांपर्यंत नळ पोहोचलेला नाही तेथे वायू सिलिंडरांच्या जुडग्यातून वाहनाने आणतात. हे जुडगे भरलेले असताना चूषण दाब २०० बारांच्या आसपास असतो व रिते होत आले की तो ३० बारांच्या सुमारास येतो. इतक्या विस्तृत कक्षेत एकाच टप्प्याने २५० बार दाब गाठायचा झाल्यास प्रत्येक जुडगे रिकामे होताना संपीडक एकदा तरी टेकडी ओलांडतो. माथा ८० ते १०० बारांच्या दरम्यान येतो.

इतर उपयोगांतील प्रत्यय : निर्वात पंप हा वस्तुतः वातावरणात वायू सोडणारा संपीडकच होय. त्याचा निर्गम दाब १ बार असतो व चूषण दाब १ बारापासून उतरत जातो. बंद टाकी रिकामी करताना पंपाच्या चलित्रावर सर्वांत अधिक भार प्रारंभी पडत नाही आणि शेवटीही पडत नाही. टाकीतील दाब वातावरणाच्या सु. एकतृतीयांश झाला की तो पडतो. त्यानंतर निर्वात जसजसा गाढ होतो तसतसे चलित्र हलके चालते.

मुंबई व कोकणातील मासळी बंदरांना लागणारा बर्फ ज्या कारखान्यांत तयार होतो त्यांत अमोनियाचे पश्चाग्र संपीडक सर्रास वापरतात. द्रवण ३५° से.ला होत असल्यास निर्गम दाब सु. १३·५ बार असतो. बाष्पीभवन −१५° से.ला स्थिरावल्यावर चूषण दाब सु. २·३६ बार, म्हणजे दाब गुणोत्तर ५·७ असते. यंत्र टेकडीच्या डाव्या उतारावर, माथ्यापासून दूर चालत असते. पण बंद ठेवलेला कारखाना पुन्हा सुरू करताना मिठाचे पाणी गरम असते, चूषण दाब चढलेला असतो व तो उतरत असताना बाष्पीभवनाचे तापमान ०° ते ५° से.च्या सुमारास आले की शक्तीची गरज कमाल होते. नेहमीच्या भाराला पुरणारे चलित्र नेमके या वेळी थांबते. अनुभवी चालक चूषण झडप अर्धवट मिटून, काही सिलिंडर निष्क्रिय ठेवून हा टप्पा पार करतो. प्रसरण झडपेलाच दाबाची कमाल मर्यादा घालून हे काम आपोआप करून घेण्याचीही सोय असते.

हवेच्या संपीडकात चूषण दाब वातावरणाचा, म्हणून तो बदलतच नाही असे वाटते. पण गाळणी व उंची या दोन गोष्टी त्यालाही चुकत नाहीत. दख्खनच्या काळ्या पाषाणात विहीर खोदताना सुरुंगाची छिद्रे पाडण्यासाठी ट्रॅक्टरवर बसविलेला संपीडक दगडाच्या धुरळ्यातच चालत असतो. गाळणी बुजून चूषण दाब ०·०५ बाराने जरी उतरला, तरी हवा सु. ५ टक्क्यांनी घटते व वायू चांगला थंड ठेवणाऱ्या यंत्रातही दर किलोग्रॅम हवेमागे सु. २·५% ऊर्जा अधिक लागते. एकूण भार किंचित उतरतो, म्हणून दोष लक्षात येत नाही. छिद्र पडण्यास वेळ मात्र अधिक लागतो. उंचीचा परिणाम याच जातीचा, पण मोठा आहे. महाबळेश्वर येथे वातावरणाचा दाब सु. ०·८६ बार असतो. मापकावर ७ बार दाब देणारा संपीडक तेथे समुद्रकाठच्या तुलनेने सु. १५% कमी हवा ओढतो व तीतील दर किलोग्रॅमवर सु. ७% अधिक कार्य करतो. त्याला जोडलेल्या डीझेल एंजिनाची शक्तीही विरळ हवेमुळे घटते, ही गोष्ट निराळी.

चूषण दाबाचा प्रश्न सर्वांत दीर्घ मुदतीचा असतो तो नैसर्गिक वायूच्या क्षेत्रात. अमेरिकेतील कॅनझस, ओक्लाहोमा व टेक्सस या राज्यांत पसरलेल्या ह्यूगोटन क्षेत्राचा मूळ दाब सु. ३० बार होता. अनेक दशकांच्या उत्पादनानंतर तो काही बारांवर आला. अशा क्षेत्रात आरंभी संपीडक लागतच नाहीत किंवा लहान दाब गुणोत्तराचे पुरतात. पुढे टप्पे वाढवावे लागतात व सिलिंडर बदलून अधिक व्यासाचे बसवावे लागतात. केंद्रोत्सारी संपीडकाचा दाब गुणोत्तराशी मेळ ठराविक मर्यादेतच बसतो, पश्चाग्र संपीडक मात्र बदलत्या गुणोत्तराशी बऱ्याच अंशी जुळवून घेतो. ओपाऊ (जर्मनी) येथे १९१३ साली सुरू झालेल्या पहिल्या अमोनिया संश्लेषण कारखान्यापासून अर्धशतक खत कारखान्यांत प्रमुख असलेले पश्चाग्र संपीडक १९६० नंतरच्या दशकात तेथील मोठ्या केंद्रोत्सारी संपीडकांपुढे मागे पडले. विहिरींच्या तोंडाशी त्यांचे स्थान टिकून राहण्याचे कारण हेच आहे.

नियंत्रण : चूषण दाब बदलला असता भार मर्यादेत ठेवण्याचे उपाय गुणाने सारखे नाहीत. एंजिनाचा वेग कमी करणे हा उत्तम उपाय आहे. वायू व शक्ती दोन्ही जवळपास एकाच प्रमाणात घटतात. मात्र वेग बदलता येणारे चालक यंत्र हवे. दुसरा, खास पश्चाग्र यंत्राचा उपाय म्हणजे सिलिंडराच्या टोकाशी जोडलेली कप्पी उघडून मोकळीक वाढविणे. मोकळिकीतील वायू दाबण्यास लागलेले कार्य तो प्रसरण पावताना बहुतांशी परत मिळते, त्यामुळे वायू घटतो पण दर किलोग्रॅममागील कार्य फारसे वाढत नाही. चूषण दाब चढल्यावर कप्पी उघडावयाची व उतरल्यावर मिटावयाची, या रीतीने चलित्र सदोदित पूर्ण भाराजवळ ठेवता येते. चूषण झडप उघडी धरून सिलिंडराचे एक टोक निष्क्रिय करणे हा याहून ढोबळ उपाय झाला. निर्गम वायूचा काही भाग परत चूषण नळात सोडल्यास पुरवठा घटतो, पण शक्ती मुळीच वाचत नाही. चूषण दाब फार उतरू न देण्यासाठी मात्र तो उपयोगी पडतो.

चूषण नळातील झडप अंशतः मिटून दाब मुद्दाम पाडणे हा सर्वांत स्वस्त व म्हणूनच सर्वांत अधिक वापरला जाणारा उपाय. तो टेकडीच्या डाव्या उतारावर उपयोगी पडतो. उजव्या उतारावर त्याचा परिणाम उलटा होतो. कोष्टकातील यंत्र २० बारांवर चालत असताना भार कमी करण्यासाठी झडप मिटून दाब १६ बारांवर आणल्यास वायू २३ टक्क्यांनी घटतो आणि भार ४ टक्क्यांनी वाढतो. झडप आणखी मिटली, तर भार पुढे उतरू लागेल हे खरे. पण तोवर दांड्यावरील बळ व निर्गम तापमान ही दोन्ही चढलेली असतात.

यंत्र टेकडीच्या कोणत्या बाजूस आहे हे चालू स्थितीत पाहावयाचे असल्यास सिलिंडरातील दाब व दट्ट्याचे स्थान यांचा आलेख घेतात. हे साधन मूळचे वाफेच्या एंजिनासाठी जेम्स वॉट यांचे सहकारी जॉन सदर्न यांनी १७९६ साली सिद्ध केले. आलेखातील बंदिस्त क्षेत्रफळ म्हणजे एका फेऱ्यातील कार्य होय. पूर्वी पेन्सिलीने कागदावर उमटणारी ही आकृती आता दाबसंवेदकांच्या साहाय्याने पडद्यावर मिळते. तीवरून शक्ती, दांड्यावरील बळ, झडपांतील व्यय आणि गळती ही चारही एकाच वेळी वाचता येतात. चूषण दाब मात्र सिलिंडराच्या तोंडाशीच मोजावा लागतो, कारण मुख्य नळावरील मापक व झडप यांच्या दरम्यान गाळणी, द्रव वेगळा करणारे पात्र आणि स्पंदने शमविणारी टाकी असते व त्या प्रत्येकात थोडाथोडा दाब खर्ची पडलेला असतो.